तेरावा महिना

पंचांगातला अधिक महिना तीन वर्षांनी येतो.
जावयाला तेहतीस अनारसे मोजून द्यायचे
की मिटलं.
कंपनीचा दर वर्षी येतो.
तिचा महिना अठ्ठावीस दिवसांचा,
हे मला वहीत बेरीज करताना कळलं:
वर्षाला तेरा रिचार्ज.

आधी एकशे नव्व्याण्णव, मग दोनशे एकोणचाळीस,
आता दोनशे नव्व्याण्णव.
मेसेज आला रात्री पावणेबाराला,
म्हणे, आपल्या अधिक चांगल्या अनुभवासाठी.
मी नागलीच्या पापडाला पाकिटामागे पाच रुपये वाढवले
तेव्हा कॉलेज रोडचा वाणी
आठवडाभर माझ्याकडे बघत नव्हता.
आणि मी त्याला समोर उभं राहून सांगितलं होतं,
दिवसाउजेडी.

नंबर बदलणं शक्य नव्हतं.
अशोक स्तंभाजवळच्या प्रेसमधून
पाच हजार लेबलं छापून आणलेली,
पिवळ्यावर लाल, 'ऑर्डरसाठी संपर्क',
त्यातली साडेतीन हजार अजून पलंगाखाली.
सातपूरच्या रिचार्जवाल्या शेखभाईंनी समजावलं,
"ताई, नंबर तुमचाच. घर तेवढं त्यांचं.
नंबर उचला आणि चालू लागा."

एकोणीसशेवर एक मेसेज.
आठ अक्षरांचा कोड आला, चार दिवसांची मुदत.
मी तो पिठाच्या डब्यावर खडूनं लिहिला
आणि उगाच दोनदा वाचला.

तासाभरात फोन. हिंदीतून, गोड, रिया नावाची.
मी मराठीत बोलले तशी तीही मराठीत आली.
"मॅडम, का सोडून जाताय? आमचं काही चुकलं का?"
सत्तावन्न वर्षांत किती ठिकाणांहून उठून आले,
हे कुणी विचारलं नव्हतं.
"फक्त तुमच्यासाठी पन्नास रुपये कमी करते."
"मग गेल्या महिन्यात का नाही केले?"
ती गप्प. तिच्यामागे शंभर रिया एकदम बोलत होत्या.
"थांबा ना ओ, मॅडम."
त्या 'ना ओ'ला मी ओळखलं.
"कुठली गं तू?"
"पाथर्डी फाटा," अगदी हळू,
कॉपी पुरवल्यासारखं.

खरं नाव योगेश्वरी गांगुर्डे.
तिची आईही पापड करते, पण उडदाचे,
नागलीचे तिला जमत नाहीत, चिरतात.
सकाळपासून मी एकविसावी,
एकही जण थांबला नव्हता.
"मग तू का नाही सोडत?"
"दोन वर्षांचा बाँड आहे, काकू.
दहावी-बारावीची ओरिजिनल सर्टिफिकेटं त्यांच्या कपाटात.
आधी निघाले तर साठ हजार."
मॅडमची काकू कधी झाले
दोघींनाही कळलं नाही.
"तुला नाही का गं कोड मिळत?"
हसली. मग म्हणाली, कॉल रेकॉर्ड होतोय,
आणि परत रिया झाली:
"आपला दिवस शुभ असो."

तिसऱ्या रात्री फोनमधले दांडे गेले.
दोन तास मी कुणाचीच गिऱ्हाईक नव्हते.
तेवढ्यात उद्याची नागली भिजत घातली.
मग नवे दांडे आले, नंबर तोच.
हेही वाढवतील. वाढवोत.
नव्वद दिवस थांबावं लागतं म्हणे,
पण वाट आता पायाखालची आहे.

तिचा नंबर माझ्याकडे नाही.
आला होता तो एकशे चाळीसनं सुरू होणारा,
उलटा लावला तर लागत नाही.
तीनदा लावून पाहिला.

या गुरुवारपासून पाथर्डी फाट्याच्या एका दुकानात
वीस पाकिटं ठेवायला सुरुवात केलीय.
रिक्षाचं भाडं जाता सुटत नाही काहीच.
लेबल मात्र जरा वर चिकटवते,
नंबर नीट दिसेल असं.